भुलाबाईच्या मुली आणि हॅलोविनची भुते



या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. जठारपेठेतील माझ्या दवाखान्यात एक आजी-आजोबा रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले होते. मी आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते, तोच त्यांनी विचारले, "डॉक्टर, आमच्या अपार्टमेंटमधली मुले यंदा ३१ तारखेला भुते होऊन दारोदार फिरणार आहेत म्हणे. त्याला हॅलोविन म्हणतात. ब्लडप्रेशरच्या माणसाने दार उघडावे की नाही, ते सांगा."

मला हसू आले. आजोबांना आले नाही. "आपल्याकडे सण कमी पडले होते का? आता भुतेसुद्धा बाहेरून मागवायची?" बोलत असताना मोजलेला रक्तदाब नेहमीच थोडा चढा येतो. म्हणून त्यांना पाच मिनिटे गप्प बसवून मी तो पुन्हा मोजला. त्या पाच मिनिटांत आजी शांतपणे म्हणाल्या, "येऊ द्या की हो. गेल्या दिवाळीपासून आपल्या दाराशी सिलिंडरवाल्याशिवाय आले आहे कोण?"

त्या दिवशी बाहेर गर्दी होती, आणि मी दोघांनाही धड उत्तर दिले नाही. आज या सदरातून देते. हा प्रश्न मला यंदा आणखीही काहीजणांनी विचारला आहे. आणि तीन वर्षांपूर्वी दाराशी येणाऱ्या मुलांच्याच बाबतीत माझ्याकडून एक चूक घडली होती, तीही सांगायची राहून गेली आहे.

प्रथम ही भुते आली कुठून, ते पाहू. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधले प्राचीन केल्ट लोक हिवाळ्याच्या तोंडावर एक उत्सव करीत. सुगी संपली, अंधाराचे दिवस सुरू झाले, आणि या सांध्यावर गेलेली माणसे आपापल्या घराकडे फिरकतात, अशी त्यांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. जुन्या इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसे आणि मुले घरोघर जात, त्या घरातील गेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत, आणि घरधनीण त्यांना लहानसा गोड पाव देई. स्कॉटलंड-आयर्लंडात मुले वेष पालटून येत. पण तिथे खाऊ असाच हाती पडत नसे. आधी एखादे गाणे, कविता किंवा कोडे म्हणून दाखवावे लागे. सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवीत. हे लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी भोपळा आला.

'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' ही आरोळी मात्र फार जुनी नाही. ती गेल्या शतकात उत्तर अमेरिकेत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर मिळू लागली तेव्हा ही फेरी थंडावली, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा जोरात सुरू झाली. १९५० पासून तिथली काही मुले याच फेरीत युनिसेफसाठी नाणीही गोळा करू लागली. आपल्याकडे हॅलोविन आला तो चित्रपटांतून, शाळांतून आणि परदेशी राहणाऱ्या नातवंडांच्या फोटोंतून.

आता आपला भाद्रपद आठवून पाहा. आपल्याकडेही गेलेली माणसे घराकडे येण्याचा एक पंधरवडा आहेच. पितृपक्षात आपण पान वाढतो, कावळ्याला हाक मारतो, आणि ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या राखून ठेवतो. ज्या भाद्रपद पौर्णिमेनंतर हा पंधरवडा लागतो, त्याच पौर्णिमेला आपल्या वऱ्हाडात घरोघरी भुलाबाई बसते. म्हणजे घरातील मोठी माणसे गेलेल्यांची आठवण काढीत असतात, आणि त्याच संध्याकाळी त्याच आळीत लहान मुली टिपऱ्या वाजवीत या दारातून त्या दारात जात असतात.

ज्या वाचकांनी भुलाबाई पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. त्यांच्या मातीच्या मूर्ती कोनाड्यात किंवा पाटावर मांडतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली रोज संध्याकाळी जमतात, प्रत्येकीच्या घरी जातात, फेर धरतात, सासर-माहेरची गाणी म्हणतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभा करतात. पश्चिम महाराष्ट्रात साधारण याच सुमारास भोंडला किंवा हादगा असतो. दोन्हीकडे शेवट एकच : खिरापत. घरातली बाई झाकलेला डबा कानाशी वाजवून दाखवते आणि मुलींनी आत काय आहे ते ओळखायचे. गोड की तिखट? कुरकुरीत की मऊ? ओळखले तर डबा उघडतो. नाही ओळखले तर आधी हार कबूल करायची आणि मग उघडतो. माझे बालपण मूर्तिजापूरला गेले. आमच्या आळीत एक आजी होत्या, त्यांचा डबा आम्हांला महिन्यातून जेमतेम दोनदा ओळखता येई. त्यांचे पूर्ण नाव मला कधीच कळले नाही, पण डबा वाजवताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारा विजयाचा आनंद मला आजही आठवतो.

नागपूर-वर्ध्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले नटूनथटून लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि त्यांना बोजारा मिळतो. दसऱ्याला हातात आपट्याची पाने घेऊन मुले आळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडत. सांगायचे ते इतकेच, की मुलांनी वेष करून किंवा गाणे म्हणत दारी यावे आणि मोठ्यांनी त्यांच्या हातावर काही ठेवावे, ही रीत आपल्याला परकी नाही.

आता माझी चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वी, पितृपक्ष चालू असताना, एक गृहस्थ आपल्या आईची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. आईंचे वय ८१. मधुमेह, रक्तदाब, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दोन्ही कानांनी कमी ऐकू येणारे, चालायला वॉकर. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे, साडेसातला घरी येणारे. दिवसभर सोबत करणारी बाई पाच वाजता जाई. पाच ते साडेसात आजी घरी एकट्या. गेल्या आठ दिवसांपासून त्या एकच गोष्ट रोज सांगत होत्या. त्यांच्याच शब्दांत लिहिते : "रोज संध्याकाळी पोरी येतात जी दाराशी. टिपऱ्या वाजवतात, गाणे म्हनतात. मी उठेलोक चालल्या जातात." आजींनी एकदा ताटलीत शेंगदाणे आणि गूळ काढून दाराबाहेर ठेवला होता. रात्री ताटली तशीच होती.

घरात तीन मते होती. एका नातेवाईक बाईंचे म्हणणे, पितरांचे दिवस आहेत, घरात लहानपणी गेलेल्या कोणा मुलीचे राहून गेले असेल, काही विचारून घ्या. मुलाचे म्हणणे, आईला भास होत आहेत. सुनेचे म्हणणे, एकट्या राहून त्या मनाने काही तरी रचत आहेत. तिसरे मत उरलेल्या दोघांपेक्षा सत्याच्या जवळ होते, पण तेही चूकच होते.

मी वैद्यकशास्त्राने शिकवलेले सारे केले. वृद्ध माणसाला अचानक नसलेली माणसे दिसू-ऐकू लागली, तर आधी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची घट, साखर फार खाली किंवा फार वर जाणे, नवे औषध, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, पाण्याची कमतरता हे पाहायचे असते. ते सर्व पाहिले. काही सापडले नाही. आजींना तारीख विचारली, वार विचारला, नातवंडांची नावे विचारली. एक तारीख सोडली तर सारे बरोबर आले. डोळे अधू असलेल्या शहाण्यासुरत्या माणसालाही कधी कधी नसलेली चित्रे दिसतात, आणि स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात लहान मुले दिसणे हे ठळक लक्षण असते. या दोन्ही शक्यता मी कागदावर लिहिल्या. आणि रात्री घेण्यासाठी मन शांत ठेवणारी एक गोळी, अगदी लहान मात्रेत, लिहून दिली.

चौथ्या रात्री आजी बाथरूमला जाताना तोल जाऊन पडल्या. हाड मोडले नाही, हे आमचे नशीब. कपाळावर मोठे टेंगूळ आले आणि डोळ्याखाली काळेनिळे झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पाहायला घरी गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते. फाटकातून आत शिरताच टिपऱ्यांचा ठेका ऐकू आला. जिना चढू लागले, तो वरून सात-आठ मुली खाली येत होत्या. एकीच्या हातात ताटली, ताटलीत मातीची भुलाबाई. मी विचारले, "वरच्या मजल्यावर कोणाकडे गेला होता?" त्यांतली मोठी म्हणाली, "रोज जातो. समोरचे घर बंद असते. दुसऱ्या घरात आजी आहेत, पण त्या दार उघडत नाहीत. आम्ही बेल वाजवतो, एक गाणे म्हणतो आणि येतो."

त्या इमारतीत तळमजल्यावर त्याच वर्षी एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या होत्या. आपल्या नातीसाठी त्यांनी भुलाबाई बसवली होती, आणि आजूबाजूच्या मुली जमवल्या होत्या. आजींच्या समोरच्या घराचे मालक पुण्याला, म्हणून सांगायला शेजारी नाही. मुलगा-सून येईपर्यंत मुली घरी गेलेल्या. आजींना बेल ऐकू येत नव्हती, टिपऱ्यांचा ठेका तेवढा यायचा. आणि वॉकर घेऊन त्या पलंगापासून दारापर्यंत पोहोचेस्तोवर एक गाणे संपलेले असायचे.

मी जिन्यातच बसले. ज्या बाईला काहीही झालेले नव्हते, तिला मी गोळी दिली होती आणि त्या गोळीने तिला पाडले होते. तपासण्या सगळ्या केल्या. पण 'पोरी खरोखरच येतात का?' एवढे मी एकदाही, कोणालाही विचारले नाही. मी स्वतः महिना-महिना भुलाबाई खेळलेली बाई. भाद्रपद चालू होता. तरीही म्हाताऱ्या माणसाच्या दाराशी मुले येतात, हे ऐकून मला पहिल्यांदा आजारच आठवला. आपण दारे किती बंद करून घेतली आहेत, याचा याहून वाईट पुरावा माझ्याजवळ नाही.

गोळी त्याच दिवशी बंद केली. आजींची आणि त्यांच्या मुलाची मी माफी मागितली. आजी म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. तुमाले तरी काय ठाव." मुलींना सांगितले, की बेल वाजवल्यावर शंभरपर्यंत आकडे मोजायचे. मुलाने जाड आवाजाची, सोबत दिवा लागणारी बेल बसवली. आणि मग आजींनी डबा काढला. त्यांनी काय ठेवले होते ते त्या मुलींना दोन दिवस ओळखता आले नाही, कारण त्यांच्यापैकी एकीनेही ज्वारीच्या लाह्यांचा गुळाचा लाडू कधी खाल्ला नव्हता. कोजागिरीपर्यंत सून मला सांगत होती, की आई दुपारी झोपत नाहीत, उद्याच्या डब्याचा विचार करीत बसतात. आणि रात्री मात्र गोळीशिवाय चांगल्या झोपतात.

या अनुभवानंतर हॅलोविनकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आजोबांचा राग मला समजतो. पण सण कुठून आला, हा माझ्या लेखी मुख्य प्रश्न राहिलेला नाही. जठारपेठेतील कितीतरी घरांतली मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला आहेत. त्या घरांच्या बेलला महिनोन् महिने लहान बोट लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये माणसांच्या परस्परसंबंधांसाठी एक खास आयोग नेमला. त्याच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर ६ माणसांपैकी १ माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे. दीर्घकाळचा एकटेपणा आणि हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांचा संबंध आता स्पष्ट झाला आहे. ही व्याधी गोळीने जात नाही. तिला माणूसच लागतो.

मुलाकडे सहा महिने अमेरिकेत राहून आलेल्या माझ्या एका रुग्ण बाईंनी सांगितले होते, "तिथे शेजारी कोण राहते ते शेवटपर्यंत कळले नाही. पण त्या एका संध्याकाळी मी खाऊचे भांडे मांडीवर घेऊन दारात बसले होते. पोरे येत होती, थँक्यू म्हणत होती. भाषा येत नव्हती, पण मी सगळ्यांच्या हातावर ठेवत होते." शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले. म्हातारपणी माणूस सतत घेणारा होतो : औषध घेतो, आधार घेतो, उपदेश घेतो. देणारा होण्याची संधी फार थोडी येते. दाराशी आलेले मूल ती संधी घेऊन येते.

तरीही माझी हॅलोविनबद्दल एक तक्रार आहे, आणि ती भुतांविषयी नाही. तक्रार घाईविषयी आहे. पिशवी पुढे करायची, चॉकलेट टाकून घ्यायचे आणि पुढच्या दाराकडे पळायचे. यात दहा सेकंदही जात नाहीत. भुलाबाईत मुली बसतात, गातात, डबा ओळखतात, हरतात, हसतात. देणाऱ्याच्या हाती नुसता खाऊ नसतो, कोडेही असते. त्याला आठवावे लागते, लपवावे लागते, मुलांना झुलवावे लागते. हा खर्च झालेला वेळ हेच खरे औषध. आणि वर सांगितलेच, की हॅलोविनच्या मूळ देशांतही आधी गाणे होते आणि मग खाऊ होता. म्हणून मुलांना अडवू नका, त्यांची फेरी थोडी सावकाश करा.

आता ३१ तारखेसाठी, आणि पुढच्या भुलाबाईसाठीही, काही सूचना. मुलांचे आई-वडील, सोसायटीचे पदाधिकारी आणि घरी वृद्धांची काळजी घेणारे, सर्वांसाठी.

पहिली सूचना मुखवट्यांची. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, तिथे मुखवटे घालून जाऊ नये. 'हा खेळ आहे' हे अशा माणसाच्या लक्षात राहत नाही. त्याला समोर दिसते ते खरेच असते. त्यातच अशा रुग्णांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो. सोसायटीने आधीच विचारून ठेवावे आणि अशा घरी मुलांना मुखवटा हातात धरून, दिव्याच्या उजेडात, दोघा-तिघांच्या गटाने पाठवावे. रुग्ण घाबरलाच तर वाद घालू नका, समजावत बसू नका. जवळ बसा, हात धरा, दुसऱ्या खोलीत न्या.

दुसरी सूचना पडण्याची. दार उघडण्याच्या घाईत वृद्ध पडतात. दारापर्यंतच्या वाटेवरचे पायपुसणे, वायर, चपला काढून ठेवा. जिन्यातला दिवा बंद करून 'वातावरण' करू नका. दारापाशी खुर्ची ठेवा आणि त्या तासाभरात आजी-आजोबांना तिथेच बसू द्या. मुलांना सांगा : बेल एकदाच वाजवा आणि शंभर मोजा.

तिसरी सूचना कानांची. वाढत्या वयात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बेलची किणकिण आणि लहान मुलांचा आवाज त्यातच येतात. फोन ऐकू येतो म्हणजे बेलही येते, असे समजू नका. जाड आवाजाची किंवा दिव्याची बेल महाग नसते. आणि कानाची तपासणी करून घ्या. ऐकू न येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. घरी मुले येणार असतील, तर औषधांचा डबा टेबलावरून उचलून कुलपात किंवा उंचावर ठेवा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची एखादी गोळीदेखील लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि रंगीत गोळी त्याला खाऊसारखीच दिसते. पाच वर्षांखालील मुलांच्या हातावर अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा टणक गोळ्या ठेवू नका. ते श्वासनलिकेत अडकतात. केळे, मऊ लाडू चालेल.

पाचवी सूचना मधुमेही वाचकांना. खाऊ वाटता वाटता एक आपल्याही तोंडात जातो, हे मला ठाऊक आहे. एखादा लाडू खाल्ल्याने आकाश कोसळत नाही. पण तो जेवणासोबत खा आणि पोळी-भात तेवढा कमी करा. उलट, मुलांच्या गडबडीत संध्याकाळचे खाणे राहून गेले आणि घाम, थरथर, धडधड सुरू झाली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि मग काहीतरी खा.

सहावी सूचना दाराच्या सुरक्षिततेची. एकटे राहणाऱ्यांनी अनोळखी माणसाला केवळ सणाच्या नावाखाली आत घेऊ नये. साखळी लावूनच दार उघडा. मुलांसोबत सोसायटीतले एक ओळखीचे मोठे माणूस असावे. सर्दी-ताप असलेल्या मुलाने मात्र त्या दिवशी घरीच राहावे. त्याचा साधा खोकला ८० वर्षांच्या फुप्फुसाला साधा राहत नाही.

आणि काळजी घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना, माझ्या चुकीतून आलेली. घरातले म्हातारे माणूस काही विलक्षण सांगू लागले, तर आधी ते खरे आहे का, ते पाहा. त्या वेळेला स्वतः त्या जागी थांबा, शेजाऱ्यांना विचारा. खरे नसेल आणि बदल अचानक झालेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तो बहुधा एखाद्या शारीरिक बिघाडाचा इशारा असतो. मन शांत करणाऱ्या गोळ्यांची घाई करू नका. अशा काही गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिला आहे. काही रुग्णांना त्या द्याव्या लागतात. पण त्या देण्याआधी डॉक्टरांना 'का?' आणि 'किती दिवस?' हे दोन प्रश्न अवश्य विचारा. मला कोणी विचारले असते, तर कदाचित मीही थांबले असते. आणि एकदा सुरू केलेली अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करू नका; विचारून करा.

त्या आजी आज ८४ वर्षांच्या आहेत. यंदाही त्यांच्या इमारतीत भुलाबाई बसली. कोजागिरीला मी गेले होते. मुलींची संख्या वाढली आहे. दोन-तीन मुलगेही फेर धरून होते, आणि त्यांना कोणी हाकलले नाही. त्यांतल्याच एकाने मला विचारले, "डॉक्टर मावशी, ३१ तारखेला आम्ही आजीकडे भूत होऊन येऊ का?" मी आजींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "ये ना बाप्पा. पन डबा वळखा लागन."

तेव्हा माझ्या दवाखान्यातल्या आजोबांना आणि आजींना माझे उत्तर हे. आजोबा, ३१ तारखेला रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, दारातला दिवा लावा, खुर्ची टाकून बसा आणि दार उघडा. भुताला आधी मुखवटा काढायला सांगा. नाव विचारा, कोणाचा नातू ते विचारा. एक गाणे म्हणायला लावा. मग आजींनी डबा वाजवावा. आत काय ठेवायचे, ते त्यांनी तुम्हांलाही आधी सांगू नये.